साभार परत : होतकरू संगीतकारांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

अभिनंदन! तुमचं गाणं नाकारलं गेलं आहे. खंत करू नका. नकार ही या धंद्यातली पहिली बढती आहे. त्याच्या खालच्या पायरीवर नुसती शांतता असते आणि तिथे माणसं वर्षानुवर्षं मेल उघडत-मिटत बसलेली असतात.

ज्यांनी अजून काहीच पाठवलेलं नाही, त्यांना आधी व्यवहार सांगतो. सिनेमा, मालिका, जाहिरात करणाऱ्यांना गाणं लागतं. नवीन करून घ्यायला वेळ नसतो आणि पैसे त्याहून नसतात. मग ते तयार गाणी मागवतात आणि पसंत पडलेलं गाणं वापरण्याची परवानगी विकत घेतात. याला म्हणतात लायसन्सिंग. काय हवं आहे ते सांगणारा चार ओळींचा मजकूर येतो, तो ब्रीफ. तुम्ही गाणं पाठवता, काही ठिकाणी पाठवण्याचेही पैसे भरता आणि मग यथावकाश अभिप्राय येतो. गाणं बांधायला महिना गेलेला असतो. अभिप्राय तीन ओळींचा असतो. प्रस्तुत मार्गदर्शिका त्या तीन ओळींसाठी आहे.

तुम्ही रायपुरात राहत असाल तर तुमचं विशेष कौतुक. तुम्हाला दोन बाजारांतले नकार घरबसल्या मिळतात. मुंबईचा आणि परदेशचा इंग्रजीतून येतो, उरला-सिलतराच्या कारखानदारांचा हिंदीतून. ही चैन पुण्याच्या संगीतकाराच्या नशिबात नाही.

पायरी १ : नकाराची जात ओळखा

अभिप्राय वाचायची घाई करू नका. आधी तो उलगडायला शिका. नवशिक्यांच्या सोयीसाठी नेहमीची वाक्यं आणि त्यांचा अर्थ देत आहे. छापून काँप्युटरच्या वर चिकटवा.

‘गाणं ताकदीचं आहे, पण सध्याच्या गरजेत बसत नाही.’ पहिले आठ सेकंद ऐकलं.

‘निर्मितीचा दर्जा आणखी उंचावता येईल.’ मागे पंख्याचा आवाज येतोय. पंखा बंद करा. मे महिन्यात रायपुरात पंखा बंद करून गाणं जमत नसेल, तर डिसेंबरात गा.

‘शब्द दृश्यावर कुरघोडी करतात.’ शब्द ऐकू येतात.

‘जरा जास्तच वेगळं आहे.’ ऐकणाऱ्याला आवडलं होतं. वरच्या साहेबाला काय सांगायचं ते त्याला सुचलं नाही.

‘जरा जास्तच ओळखीचं वाटतं.’ ब्रीफमध्ये ‘अमुक गाण्यासारखं हवं’ असं लिहिलं होतं. तुम्ही ते मनावर घेतलंत.

‘पुढच्या वेळी जरूर पाठवा.’ शुल्क पुढच्या वेळीही तेवढंच आहे.

पायरी २ : उत्तर लिहा, पण पाठवू नका

नकार आल्यावर पहिल्या रात्री प्रत्येक संगीतकाराला गद्य स्फुरतं. स्फुरू द्या. आपली चाल कोणत्या रागावर आधारलेली आहे, अंतऱ्यात कोमल निषादाला कसा हळूच स्पर्श केला आहे, हे सगळं सविस्तर लिहा. मात्र शार्ङ्गदेवाला मध्ये ओढू नका. ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा हा पंडित तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी होता. त्याला पगार चालू होता. त्याला तीस सेकंदांत चहाच्या पुड्याबद्दल आपुलकी निर्माण करायची नव्हती.

पत्र लिहून झालं की मसुद्यांमध्ये ठेवून द्या. सकाळी पोहे-जिलबी खाऊन पुन्हा वाचा. ‘आपल्यासारख्या जाणकारांकडून ही अपेक्षा नव्हती’ हे वाक्य खोडा. ‘आपल्या अमूल्य अभिप्रायाबद्दल आभारी आहे’ हे लिहा. बाकी सगळं पुसा. आता पाठवायला हरकत नाही. तिकडे ते कुणी वाचत नाही, त्यामुळे नुकसान होण्याची भीतीही नाही.

पायरी ३ : लताबाईंची गोष्ट एकदाच ऐका

तुमचं गाणं परत आल्याचं कळताच घरातलं कुणीतरी ही गोष्ट सांगणारच आहे, तेव्हा तयारीत राहा. १९४८ सालच्या ‘शहीद’साठी मास्टर गुलाम हैदर एका नव्या मुलीला फिल्मिस्तानच्या शशधर मुखर्जींकडे घेऊन गेले. मुखर्जींना आवाज फार पातळ वाटला. गुलाम हैदर बिथरले आणि त्याच वर्षीच्या ‘मजबूर’मध्ये त्यांनी तिला गायला लावलं. पुढचं सगळ्यांना पाठ आहे.

ऐकून मान डोलवा, पण दोन बारीक कलमं ध्यानात ठेवा. पहिलं असं, की पातळ म्हणून परत पाठवलेले आणखीही आवाज असणार. ते खरोखरच पातळ होते, म्हणून त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. दुसरं कलम जास्त महत्त्वाचं. या गोष्टीला गुलाम हैदर लागतो. तो तुमच्याकडे आहे का? घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर न ऐकता अंगठा दाखवणारा भाचा म्हणजे गुलाम हैदर नव्हे.

पायरी ४ : परीक्षकाविषयी अनुकंपा बाळगा

तोही माणूस आहे. दिवसभर कानांना हेडफोन लावून तो दुसऱ्यांच्या विरहाची गाणी ऐकतो. संध्याकाळी घरी गेल्यावर त्याला कुकरची शिट्टीही ‘ताकदीची, पण गरजेत न बसणारी’ वाटत असेल. त्याचा राग करू नका. नाकारण्याच्या या शास्त्राला थोर परंपरा आहे, आणि त्या परंपरेत आपल्या मराठी माणसांचा वाटा मोठा आहे, याचा अभिमान बाळगा.

पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात नभोवाणीमंत्री होते. आकाशवाणीवर कोण गाणार हे ठरवायला त्यांनी चाळणी लावली. त्यासाठी नेमलेल्या परीक्षा मंडळाची धुरा होती भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्याकडे. गाणारा कोण आहे हे परीक्षकांना दिसू नये अशी व्यवस्था केलेली. गाणं झालं की वर शास्त्राचे प्रश्न. ज्यांनी आयुष्यभर मैफिली मारल्या, त्यांनाही परीक्षेला बसायला सांगितलं, तेव्हा एकच गदारोळ उडाला. बहिष्काराची भाषा झाली. चाळणी मात्र राहिली. आकाशवाणीच्या ‘टॉप’, ‘ए’, ‘बी-हाय’, ‘बी’ या श्रेण्या आजही कलावंत आपल्या नावापुढे पदवी लावल्यागत लावतात. रायपूरचं केंद्र १९६३ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून इथल्याही कितीतरी घरांत श्रेणी मिळाल्याचं पत्र चौकटीत घालून लावलेलं दिसतं. न मिळाल्याचं पत्र कपाटाच्या तळाशी असतं. रातंजनकर स्वतः पुढे आपल्या खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले, म्हणजे ही विद्या थेट छत्तीसगढच्या दारात येऊन पोहोचली.

त्या काळच्या नाकारलेल्यांना एक सोय होती, ती तुम्हाला नाही. रातंजनकरांसारखा माणूस समोर असला, की तुमच्या मारव्यातला धैवत नेमका कुठे घसरला ते त्याला गाऊन दाखवता येत असे. आता ‘व्हाइब येत नाहीये’ असं कळवतात. धैवत रियाजानं सुधारतो. व्हाइबचा रियाज कोणत्या घराण्यात करून घेतात, ते ठाऊक असल्यास कृपया कळवावे.

जाता जाता एक उपयुक्त टीप. याच केसकरांच्या काळात आकाशवाणीवर फिल्मी गाण्यांची गळचेपी झाली. गाण्यांनी अभिप्रायावर विचार केला नाही, स्वतःत सुधारणा घडवून आणली नाही. ती सरळ रेडिओ सिलोनवर गेली. १९५२ मध्ये तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, देशभरच्या श्रोत्यांनी काटा तिकडे फिरवला आणि १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. तेव्हा नकार आला की आधी आपलं सिलोन शोधा. सुधारणा नंतरही करता येतात.

पायरी ५ : सगळ्यांचं ऐका, एकाच वेळी

तीन ठिकाणी गाणं पाठवलंत, तर तीन अभिप्राय येतील. पहिला म्हणेल, सुरुवात लांबली आहे, थेट मुखड्यावर या. दुसरा म्हणेल, गाणं फार लवकर उघडं पडतं, हळूहळू चढू द्या. तिसरा म्हणेल, सुरुवात आणि चढण दोन्ही सुरेख आहेत, पण आम्हाला वाद्यसंगीत हवं होतं.

कच्चा संगीतकार यांतला एक निवडतो. तुम्ही तिन्ही पाळा. एक आवृत्ती लांब करा, एक आखूड करा, एक मुकी करा. फाइलींना ‘फायनल’, ‘फायनल_नवीन’, ‘फायनल_खरी’ आणि ‘फायनल_खरी_मुकी’ अशी नावं द्या. ही नावं पुढे छळणार आहेत, याची खात्री बाळगा. सहाव्या आवृत्तीपर्यंत गाण्यातून तुमचा आवाज निघून जाईल, आठव्यात चाल निघून जाईल, आणि जे उरेल ते ब्रीफमधल्या नमुन्याच्या गाण्याशी हुबेहूब जुळेल. ते पाठवा. अभिप्राय येईल : ‘स्वतःची ओळख दिसत नाही.’

इथे रडायचं नाही. अभिप्राय बरोबर आहे. इतक्या फेऱ्यांमध्ये पहिल्यांदाच कुणीतरी नीट ऐकलेलं दिसतं.

पायरी ६ : मातीचा वास प्रमाणात वापरा

रायपूरच्या संगीतकाराला ही पायरी सगळ्यात अवघड जाते, म्हणून सावकाश घेऊ.

समजा, तुम्हाला गाण्यात मोहरी हवी आहे. मोहरी म्हणजे छत्तीसगढची सनई. लग्नाच्या गडवा बाजात दफडा, टिमकी आणि निशाण यांच्या जोडीला तीच पुढे असते. तुम्ही अभनपूरच्या बाजूच्या एखाद्या गावातून वाजवणारा बोलावता. तो मोपेडवरून येतो. मोहरी गमछ्यात गुंडाळून पाठीला बांधलेली. अंड्यांचे ट्रे ठोकलेल्या तुमच्या खोलीत तो खुर्चीवर बसायला नकार देतो, जमिनीवर मांडी घालतो आणि पिपाणी बराच वेळ ओठांत धरून ओली करतो. मग फुंकर मारतो. पडद्यावरचा काटा थेट लाल रेघेत जातो. खिडकीची काच थरथरते. खालच्या मजल्यावरच्या वहिनी ‘किसकी शादी है?’ म्हणून जिन्यात येतात. तो एका दमात वाजवून थांबतो आणि विचारतो, ‘अउ एक बार बजावंव?’ गरज नसते. जे हवं होतं ते मिळालेलं असतं.

आता अभिप्राय येतो : ‘शहनाई बेसूर वाटते. काढता आली तर बघा.’

काढा. तिथे कीबोर्डवरची बासरी घाला. ती सुरात असते, कारण तिला काही म्हणायचंच नसतं. पुन्हा पाठवा. अभिप्राय येतो : ‘स्वच्छ आहे, पण कुठलंही वाटतं. जरा मातीतलं काही मिळेल का?’ आणि दोन-तीन महिन्यांनी त्याच ठिकाणाहून नवा ब्रीफ येतो : कच्चा, रानटी, अस्सल आदिवासी ध्वनी हवा, शक्यतो असं वाद्य जे श्रोत्यांनी ऐकलेलं नाही.

अशा वेळी बोलायचं नाही. पहिली फाइल शोधा, तिचं नाव बदला आणि पाठवून द्या. मोहरी होती तिथेच आहे. मधल्या काळात ती बेसूरची अस्सल झाली आहे.

खरं तर मातीच्या वासाला मुंबईत कधीच बंदी नव्हती. फक्त त्यासोबत माणूस आला तर पंचाईत होते. २००९ च्या ‘दिल्ली-६’मधलं ‘ससुराल गेंदा फूल’ आठवा. रहमान यांचं संगीत, रेखा भारद्वाज यांचा आवाज, गीतकार म्हणून प्रसून जोशी यांचं नाव. रघुवीर यादव यांनी चित्रपटवाल्यांपर्यंत पोहोचवलेलं हे मूळ छत्तीसगढी गाणं. रायपूरच्या जोशी भगिनींनी ते कित्येक वर्षं आधी गायलेलं होतं. मूळ शब्द गंगाराम शिवारे यांचे आणि चाल भुलवाराम यादव यांची, असं इकडची जुनी माणसं सांगतात. देशभर लग्नांत गाणं वाजलं, तेव्हा ही नावं कुणी विचारली नाहीत. पुढे २०२० मध्ये बादशाह यांचं दुसरं ‘गेंदा फूल’ आलं, तेव्हा त्यातल्या बंगाली ओळी बीरभूमच्या रतन कहार यांच्या असल्याचा बोभाटा झाला. झेंडूच्या फुलाचं आणि श्रेयनामावलीचं काय वाकडं आहे, यावर कुणीतरी संशोधन करावं. तोवर नवशिक्यांनी दुसऱ्या फुलावर गाणं लिहावं हे बरं.

नाव टिकून राहतं कधीकधी. २०१० च्या ‘पीपली लाइव्ह’मधलं ‘चोला माटी के’ हबीब तन्वीरांच्या नाटकांच्या वाटेनं आलं. हबीबसाहेब रायपूरचेच. त्यांची मुलगी नगीन तन्वीर हिनं ते गायलं आणि गीतकार म्हणून गंगाराम साखेत यांचं नाव लागलं. यातून घ्यायचा धडा असा : गाण्यासोबत नाव जायला हवं असेल, तर गाण्यासोबत घरचं माणूस पाठवा.

पायरी ७ : पेटीकडून चिकाटी शिका

आपल्या गाण्याला सलग तीनदा नकार आला म्हणून ज्यांनी अंथरूण धरलं आहे, त्यांनी पेटीचं चरित्र वाचावं. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली. हिच्यात मींड निघत नाही, श्रुती लागत नाहीत, स्वर ठोकून बसवलेले आहेत, शिवाय ती परदेशी आहे, असा अभिप्राय होता. नुसता ‘गरजेत बसत नाही’ एवढाच नव्हे, चांगला मुद्देसूद. बंदी उठायला सुरुवात झाली १९७१ मध्ये.

मधल्या एकतीस वर्षांत पेटीनं काय केलं? मींड शिकून घेतली नाही. श्रुती बसवून घेतल्या नाहीत. ती संगीत नाटकांच्या खड्ड्यात, भजनी मंडळांत आणि कीर्तनात वाजत राहिली. आपल्या रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घरांतही आरतीला तीच होती. अभिप्राय देणारे निवृत्त झाले आणि पेटी स्टुडिओत शिरली, होती तशीच.

तुमच्या गाण्याला एवढा वेळ थांबता येईल का, हे तुमच्या वयावर आणि घरभाड्यावर अवलंबून आहे.

पायरी ८ : स्थानिक बाजारात हात साफ करा

मुंबई लांब आहे. सराव घरच्या घरी करा. रायपूरला देवानं लोखंड दिलं आहे, लोखंडाच्या सळया दिल्या आहेत आणि त्या सळयांना गाणी लागतात. इथे सळईला सरिया म्हणतात आणि प्रत्येक सरिया देशाचं भविष्य पेलत असतो. जवळच सिमेंट आहे, तांदळाच्या गिरण्या आहेत, कोचिंगचे क्लास आहेत. पाच वर्षांतून एकदा निवडणूक येते, तेव्हा तर एकाच चालीवर दोन्ही पक्षांना गाणी देता येतात. फक्त फाइलींची नावं सांभाळा. पायरी ५ मध्ये यासाठीच इशारा दिला होता.

शेठच्या ऑफिसात अभिप्राय कसा घ्यावा, त्याचा क्रम असा. तुम्ही चांगले स्पीकर बरोबर नेता. ते लावायला जागा नसते. शेठ म्हणतात, ‘मोबाइल पे ही सुना दो ना, भैया.’ मोबाइल टेबलावर, बाजूला कागदावर जिलबी, वर पंखा फुल. ढोलाची सगळी मेहनत टेबलाच्या काचेत विरते. गाणं संपतं. शेठ हात पुसतात.

‘बढ़िया है. पर मज़बूती नहीं आ रही.’

तुम्ही ढोल वाढवून दुसऱ्या दिवशी येता.

‘मज़बूती आ गई. अब इसमें सरिया नहीं दिख रहा.’

वाद घालू नका. गाण्यात सरिया कसा दिसावा हे विचारू तर मुळीच नका, कारण ते सांगतील. तुम्ही घणाचा आवाज घालता. तिसऱ्या दिवशी जावईबापू असतात. ते म्हणतात, आजकल का टच दो. मग बाहेरून ड्रायव्हरला बोलावतात, कारण ‘पब्लिक को वही समझता है’. ड्रायव्हर शेठच्या तोंडाकडे पाहतो, तुमच्या तोंडाकडे पाहतो आणि म्हणतो, ‘ठीक हे, भैया.’ शेवटी शेठचा पुतण्या मोबाइलवरच्या ॲपमधून फुकट बनवलेलं गाणं ऐकवतो. तेच ठरतं. जाताना शेठ दारापर्यंत येतात आणि पाठीवर हात ठेवून सांगतात, ‘आपका अच्छा था. महँगा था.’

हे वाक्य वहीत तारखेनिशी लिहून ठेवा. एवढा प्रामाणिक अभिप्राय मुंबई, लंडन, लॉस एंजेलिस कुठूनही मिळणार नाही. त्यांनाही हेच म्हणायचं असतं. त्यांच्याकडे जिलबी नसते, म्हणून ‘व्हाइब’ म्हणतात.

पायरी ९ : घरचे अभिप्राय वेगळ्या फाइलीत ठेवा

आईचा अभिप्राय : ‘छानच. जेवलास का?’ यात सुधारणेला वाव नाही.

गणपतीत भेटणाऱ्या काकांचा अभिप्राय : ‘गीतरामायणानंतर चाल म्हणून काही झालीच नाही.’ हे मान्य करून मोकळे व्हा. माडगूळकर आणि फडके यांनी १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर वर्षभर आठवड्याला एक नवं गीत दिलं, ही गोष्ट खरी आहे. मनातल्या मनात एवढंच म्हणा, की रामाची कथा लिहिताना त्यांना कुणी ‘वनवास जरा आखूड करता येईल का’ असं विचारलं नव्हतं.

बायकोचा किंवा नवऱ्याचा अभिप्राय : ‘हे मागच्यासारखंच आहे ना?’ हा एकमेव तांत्रिकदृष्ट्या अचूक अभिप्राय असतो. म्हणून तो कुणी ऐकत नाही.

मित्र संगीतकाराचा अभिप्राय : ‘भाई, आग!’ त्यानं ऐकलेलं नाही. त्याचं गाणं तुम्ही ऐकावं, एवढीच त्याची अपेक्षा आहे. ‘आग’ म्हणून परतफेड करा.

पायरी १० : स्वीकार आला तर घाबरा

इतकी सगळी तयारी नकाराची झाल्यावर एखाद्या दिवशी अचानक ‘आपलं गाणं निवडलं आहे’ असा मेल येऊ शकतो. नवशिके इथेच गाफील राहतात. नकारात गाणं तुमच्याकडे परत येतं, हे विसरू नका. स्वीकारात ते कुठे जातं, ते वाचा.

करार बारा पानी असेल. मोबदल्याचा आकडा पाहून खोलीभर नाचून झालं, की बाकीची पानंही वाचा. तिथे लिहिलेलं असेल की सर्व हक्क, सर्व माध्यमांत, अनंत काळासाठी, अखिल विश्वात. विश्व कशाला, असा प्रश्न पडेल. मंगळावर मालिका निघाली तर तिथे कुणी तुमची मोहरी फुकट वाजवू नये, एवढीच त्यांची काळजी आहे. मात्र वाजवायचा परवाना तुमच्याकडे नसेल, त्यांच्याकडे असेल.

हे सगळं इतकं तपशिलात लिहिण्यामागे कारण आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क सोपवताना करारात मुदत लिहिलीच नसेल, तर ती पाच वर्षांची मानली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत. अक्षर न लिहिता तुमचं भलं होतं, म्हणून समोरचा एकही अक्षर सोडत नाही. त्यातही २०१२ च्या दुरुस्तीनं एक पाचर मारून ठेवली आहे. गाणं चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात गेलं, तरी थिएटरातल्या खेळाखेरीज इतर वापरांच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा बरोबरीचा वाटा त्यांना सोडून देता येत नाही, सही केली तरीही. जावेद अख्तर यांनी यासाठी बरीच भांडणं ओढवून घेतली. तो वाटा गोळा करायला इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून आहे. तिचे सदस्य व्हा. तुम्ही या मार्गदर्शिकेतली एवढी एकच सूचना गंभीरपणे घेतलीत, तरी लेखकाची हरकत नाही.

आणि करार वाचून पोटात गोळा आला, तर भांडू नका, रडू नका, वकिलाच्या भाषेत धमक्या देऊ नका. इतक्या पायऱ्यांमध्ये तुम्ही जी शैली शिकलात, ती वापरायची वेळ आली आहे. वहीतून नीट उतरवून कंपनीला कळवा :

‘आपला करार ताकदीचा आहे. मांडणी स्वच्छ आहे आणि विश्वाचा उल्लेख विशेष आवडला. मात्र तो सध्याच्या आमच्या गरजेत बसत नाही. मोबदल्याच्या परिच्छेदात मज़बूती येत नाही आणि रॉयल्टी दिसत नाही. मुदतीचा भाग थोडा आखूड करून पाहता आला तर पुढच्या वेळी जरूर पाठवा.’

खाली सही करा. सोबत फाइल जोडायची नाही.